उभे आहेत, पण कुठल्या पायावर?

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपीची इंटर्नशिप करताना मी एका काकांना बर्ग स्केलच्या, म्हणजे पेशंटचा तोल तपासायच्या चाचणीच्या, ‘आधाराशिवाय उभे राहणे’ला बिनधास्त ४ पैकी ४ मार्क दिले. डाव्या अंगावरून वारं जाऊन दीड महिना झालेला, आणि काका पूर्ण दोन मिनिटं उभे! मॅडम खाली वाकल्या, काकांचं डावं पाऊल किंचित उचलून खाली केसपेपरचं कोरं पान सरकवलं आणि पाऊल टेकल्यावर दोन बोटांनी ओढलं. पान अलगद बाहेर आलं. “आता सांग, काका कुठल्या पायावर उभे आहेत?”

मार्क मात्र त्यांनी खोडले नाहीत, कारण नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. हे स्केल वेळ आणि सुरक्षितता बघतं. वजन कुठे पडतंय ते आपल्याला बघावं लागतं.

कॅनडात १९८९ मध्ये आलेलं बर्ग स्केल तुम्हाला परीक्षेला पाठ असेलच: १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५६. स्टॉपवॉच, मोजपट्टी, दोन खुर्च्या आणि पाय ठेवायला स्टूल एवढ्यावर भागतं. ४५ च्या खाली म्हणजे पडण्याचा धोका, हेही पाठ असतं. पण तेवढ्यावर विसंबू नका. दोघांचे ४० मार्क असतील. एकाचे वळताना गेलेले असतात, दुसऱ्याचे डोळे मिटल्यावर. दोघांचा व्यायाम एकच कसा असेल? म्हणून बेरजेशेजारी मार्क कुठे गेले तेही लिहा.

चाचणी घेताना स्वतः उभं राहायचं ते पेशंटच्या कमजोर बाजूला, जरा मागे. मी सुरुवातीला समोर उभी राहायचे आणि तोल गेला की नेमका लुळा हात धरायचे. तसं करू नका, आधीच सैल असलेला खांदा आणखी दुखावतो. पेशंटच्या कमरेला बांधलेला बेल्ट धरा. उठवण्याआधी बीपी बघा, उभं केल्यावर परत बघा. काही पेशंट चांगल्या हाताने स्वतःलाच कमजोर बाजूकडे ढकलतात. सरळ करायला गेलात तर आणखी जोर लावतात. घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो. तो हट्ट नाही, मेंदूला सरळ म्हणजे काय तेच चुकीचं कळतंय.

ऐरोलीत होम व्हिजिटला जाते तिथे मी वजनाचे दोन सारखे काटे नेते. परवा ६८ किलोचे एक आजोबा प्रत्येक काट्यावर एकेक पाय ठेवून उभे राहिले: उजवीकडे ४६, डावीकडे २२. आकडे ऐकून आजी म्हणाल्या, “तरीच आरतीला मागे झोकांड्या जातात.” चौकशी केली तर आजोबा आरतीला डोळे मिटतात. बर्गमध्ये डोळे मिटून १० सेकंद उभं राहायचं असतं. आजोबांना ३ सुद्धा जमले नव्हते. नजरेच्या आधारानेच ते उभे होते.

फाइलमध्ये ४६–२२ लिहिलं, आणि खाली पेन्सिलने: आरती डोळे उघडे ठेवून, मागे भिंत, आजी डावीकडे.