साठीनंतर पायांत ताकद येत नाही? या चुका टाळा

‘रोज तासभर चालतो, तरी खाली बसलं की उठताना हाताचा आधार लागतोच.’ ही तक्रार बागेतल्या कुठल्याही ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ऐकू येते. चालणं हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला चांगलं, ते सोडू नका. पण वयाबरोबर आधी झिजतात ते स्नायूंमधले जलद तंतू. जिना चढताना, खुर्चीतून उठताना, तोल गेल्यावर पटकन सावरताना तेच लागतात. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना त्यांना फारसं कामच पडत नाही.

म्हणून व्यायाम सुरू होतो, आणि तिथे सगळ्यात मोठी चूक होते: ‘वय झालंय, हलकंच करा.’ बसल्या बसल्या पाय वीस वेळा हलवून स्नायू वाढत नाहीत. बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात ८६ ते ९६ वर्षांच्या १० जणांकडून आठ आठवडे देखरेखीखाली चांगल्या जड वजनाचा व्यायाम करून घेतला होता. तो अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. मांडीची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली आणि स्नायूंचा आकार सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. नव्वदीत हे होत असेल, तर पासष्टीला ‘आता काय व्हायचंय’ म्हणणं मला पटत नाही.

घरी जड म्हणजे किती? खुर्चीवरून उठबस करताना दहा-बारा वेळांनंतर ‘अजून दोनच होतील’ असं वाटलं पाहिजे. पंधरा वेळा गप्पा मारत होत असेल, तर खुर्ची थोडी बुटकी घ्या किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून पिशवी छातीशी धरा. महिनोन् महिने तेच आणि तेवढंच केलं तर प्रगती थांबणारच.

उठबशीतही गोम आहे. बरेच जण गुडघ्यांवर हात रेटून उठतात आणि धपकन बसतात. म्हणजे अर्धं काम हातांनी, उरलेलं गुरुत्वाकर्षणानं! खुर्ची भिंतीला टेकवा, थोडं पुढे झुकून उठा आणि तीन-चार अंक मोजत सावकाश बसा. श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडा.

गुडघा दुखतो म्हणून बंद केलं? खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. गुडघ्यांच्या झिजेतही मांडीचे स्नायू बळकट करायला सांगतातच. मात्र दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर मात्रा जास्त झाली. मांडी एक-दोन दिवस ठणकली तर घाबरू नका. रोजही करू नका, एक दिवस आड पुरे. छातीत दुखणं, चक्कर, धाप ही लक्षणं दिसली तर तिथेच थांबा. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

आता प्रोटीन पावडर. मुलं डबा आणून देतात, व्यायाम मात्र होत नाही. १९९४ साली वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या पूरक आहारानं ताकद वाढली नाही, व्यायामानं वाढली. उलट टोकाला, व्यायाम करून रात्री चहा-खारीवर भागवणारेही आहेत. वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात आणि अंड्यात सहा. म्हणून घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आणि पंधरा दिवसांनी मांडीला टेप लावू नका. सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावते म्हणून, आकार सावकाश मागून येतो. त्यापेक्षा हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, आकडा कॅलेंडरवर लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा.