गाडीतला ॲम्प तापून बंद पडतोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाणी मस्त चाललेली असतात आणि खालापूरच्या आसपास बेस एकदम गायब होतो. डेक (डॅशबोर्डवरचा म्युझिक प्लेअर) चालू, पण डिकीतला ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, मुका. दहा-पंधरा मिनिटांनी तो आपोआप परत चालू होतो. दुकानदार म्हणतो, "ॲम्प गेला, मोठा घ्या." घाई करू नका. तापल्यावर बंद होणारा आणि थंड झाल्यावर चालू होणारा ॲम्प बहुतेक वेळा धडधाकट असतो. आतल्या सेन्सरने त्याला वेळेवर थांबवलेलं असतं. खोट बाहेर असते, आणि ती न शोधता नवा ॲम्प बसवला तर तोही तापतो.

पहिली चूक म्हणजे तो नेमका कधी आणि कसा बंद पडतो हे न बघणं. अर्धा तास वाजून बंद पडला, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲम्पच्या धातूच्या भागाला) हात लावला तर चटका बसतोय आणि ॲम्पने स्वतःला वाचवायला काम थांबवल्याचा, प्रोटेक्टचा लाल दिवा लागलाय, तर मामला उष्णतेचाच. बेसचा ठोका पडला की क्षणभर जाऊन परत येत असेल, तर व्होल्टेज कोसळतंय. चालू करताक्षणी लाल दिवा लागत असेल तर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढून बघा. दिवा गेला तर एकेक जोडत जा. बॉडीला टेकलेली वायर बऱ्याचदा दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत किंवा स्पीकरच्या स्क्रूखाली चेपलेली सापडते. आणि कुठलाच दिवा लागत नसेल, अगदी पॉवरचासुद्धा, तर फ्यूज, अर्थ (ॲम्पपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली काळी वायर) किंवा डेककडून येणारी, ॲम्पला चालू करणारी निळी-पांढरी रिमोट वायर तपासा. अशा वेळी हीटसिंकवर पंखा बसवून काही उपयोग नाही.

अर्थ

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटाव्यात. लाल वायर बॅटरीपासून जाड, ऐटबाज ओढलेली असते आणि काळी वायर मात्र सीट बेल्टच्या बोल्टखाली नाहीतर रंगावरच दाबलेली. रंग वीज वाहून नेत नाही. सीट बेल्टचा बोल्ट तर सोडवूच नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे. डिकीत ॲम्पजवळ पत्र्याची जागा निवडा, मागे पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही याची खात्री करा, सँडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून नट-बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग फासा. हे शेवटचं काम कोकणात राहणाऱ्यांनी तरी टाळू नये, एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. अर्थची वायर लाल वायरइतकीच जाड हवी आणि अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको.

तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरं ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला लावा. इंजिन चालू ठेवून बेसचं गाणं मोठ्याने लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थ नीट नाही. असंच धन बाजूला मोजा, तिथे अर्धा व्होल्ट ही शेवटची मर्यादा समजा.

धन बाजूला व्होल्टेज पडत असेल तर किटमधली वायर संशयित. स्वस्त किटमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली की समजा. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. अस्सल तांब्याची ८ गेजची पाच मीटर वायर ६० अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट खाते, मुलाम्याची जवळपास १ व्होल्ट, तर तांब्याचीच ४ गेजची पाव व्होल्ट. काही ॲम्प व्होल्टेज कमी पडलं की तेवढीच ताकद काढायला जास्त करंट ओढतात, आणि जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. वायर बदलायची तर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३० च्या जागी ६० चा लावू नका. त्याने गाडी पेटू शकते.

खोक्यावरचे वॅट

खोक्यावर "२००० वॅट" आणि ॲम्पवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज? हिशोब करा. ३० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे आत जाणारे फार तर ४२० वॅट. क्लास एबी प्रकारचा ॲम्प पूर्ण जोरात असताना त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त आवाजाच्या रूपाने देतो, उरलेले हीटसिंकमधून बाहेर पडतात. क्लास डी ८० ते ९० टक्के देतो, म्हणून सबसाठी, म्हणजे बेस वाजवणाऱ्या सबवूफरसाठी, तोच बरा. पण "दोन हजारांचा आवाज कुठाय?" म्हणून लोक गेन शेवटपर्यंत पिळतात. गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. डेकमधून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवून घ्यायची ती सोय आहे. तो जास्त झाला की आवाज फाटतो, सरासरी करंट वाढतो, ॲम्प तापतो आणि सबची कॉइलही जळते. बेस बूस्ट त्याहून घातक, कारण दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. १२ डेसिबल म्हणजे सोळापट! तो शून्यावर ठेवा. डेकचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडून द्या.

ओहमचा घोळ

४ ओहमचे दोन सब समांतर जोडले की २ ओहम होतात. ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकत्र जोडून, ते सब त्यावर लावले तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला १ ओहमच येतो. ॲम्पवर "२ ओहम स्टेबल" लिहिलेलं असतं, पण ते बहुधा ब्रिज न करता. ब्रिजला किमान ४ ओहम, असं टर्मिनलजवळ बारीक अक्षरात छापलेलं सापडेल. वायरी ॲम्पपासून काढून मीटरने मोजा. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, ते बरोबरच आहे. १.७ च्या आसपास दिसलं तर तुमची जोडणी २ ओहमची आहे.

जागेबद्दल फार लिहायला नको. कार्पेटखाली, छताला उलटा टांगून किंवा सामानाखाली गाडलेला ॲम्प तापणारच. सीटखाली बसवला असेल तर मागच्या प्रवाशांच्या पायांकडे जाणारी हीटरची वाट त्याच्यावर तर येत नाही ना, हे बघा. चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोकळी ठेवा, पंख्यातली धूळ ब्रशने काढा. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीत बसून लगेच फुल आवाज लावू नका, आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या.

एवढं सगळं नीट असूनही, स्पीकर न जोडता नुसता चालू ठेवलेला ॲम्प दहा मिनिटांत चटके देत असेल, तर मात्र खोट आत आहे. उलट बाहेरून कोमटच लागत असूनही तो बंद पडत असेल आणि पूर्वी उघडून दुरुस्त झाला असेल, तर आधी ट्रान्झिस्टर हीटसिंकला दाबून धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू बघायला सांगा. ते सैल राहिले किंवा मधली इन्सुलेटर पट्टी आणि पेस्ट नीट लावली नाही, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. बाहेरून कोमट लागणारा ॲम्प आत तापून बंद पडतो तो त्यामुळेच.