बदलीच्या घरचा कूलर : नागपुरात जुने सामान पारखून घेताना

अमेरिकेत सुटीच्या दिवशी सकाळी घरासमोर जुने सामान मांडून विकण्याची ‘यार्ड सेल’ नावाची पद्धत आहे, आणि मुलांकडे तिकडे जाऊन आलेली नागपूरकर मंडळी तिचे वर्णन मोठ्या कौतुकाने करतात. आपल्याकडे मात्र कोणी अंगणात सोफा आणि मिक्सर मांडून बसले, तर गिऱ्हाइकाच्या आधी शेजारी ‘काय झालं हो, सगळं ठीक आहे न?’ असे विचारत येतील. म्हणून ती विक्री आपल्या शहरात दाराआड होते. तिला नाव नाही, फलक नाही, पण तिचा हंगाम ठरलेला आहे; तो हंगाम म्हणजे बदल्यांचा.

नागपूर हे बदलीवर येणाऱ्या आणि बदलीवर जाणाऱ्या माणसांचे शहर आहे. मध्य रेल्वे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये येथे आहेत, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आहे, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे आणि राज्य शासनाची कार्यालये तर आहेतच. राज्य कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या २००५ च्या अधिनियमानुसार एप्रिल-मे महिन्यांत होतात, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे घर हलवण्याची लगबग पार जून संपेपर्यंत चालते. या सहा-आठ आठवड्यांत जेवढे चांगले वापरलेले सामान शहरात मोकळे होते, तेवढे एरवी वर्षभरात होत नसावे, असा माझा अनुभव आहे.

त्या सामानात जाणाऱ्याला हमखास नकोशी असलेली वस्तू म्हणजे कूलर. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते, या एकाच तत्त्वावर कूलर चालतो आणि हवा कोरडी असेल तरच ते तत्त्व कामाला येते. २३ मे २०१३ रोजी ज्या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान पाहिले, त्या नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, कूलरशिवाय निघत नाही. परंतु मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत तोच कूलर खोलीत केवळ चिकचिक वाढवतो. त्यामुळे कोकणपट्टीत बदली झालेले कुटुंब कूलर सोबत नेत नाही. त्यातही जूनच्या मध्यावर पाऊस आला, की नागपुरातसुद्धा त्याला कोणी विचारत नाही. एप्रिलमध्ये ज्याचा भाव विकणारा ठरवतो, तोच कूलर जूनच्या शेवटच्या आठवड्यात ‘घेऊन जा गे मारबत’ (नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत नकोसे ते घालवण्यासाठी दिली जाणारी आरोळी) या भावनेने दाराबाहेर काढला जातो. ज्याला पुढच्या उन्हाळ्यासाठी कूलर हवा आहे, त्याने पहिल्या पावसानंतर बाहेर पडावे.

अशा विक्रीची खबर जाहिरातीपेक्षा माणसांकडून लवकर मिळते. अपार्टमेंटचा चौकीदार, वसाहतीजवळचा किराणा दुकानदार, सामान वाहून नेणारा ऑटोवाला आणि इस्त्रीवाला यांना कोणाचे घर केव्हा हलणार हे आधी कळते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात ते दोन दिवसांनी येते. एक गोष्ट मात्र पाळावी. अनेक घरांत काही वस्तू कामाच्या बाईला द्यायच्या ठरलेल्या असतात, आणि चार पैसे जास्त देऊन त्या आपल्याकडे वळवून घेणे शोभत नाही.

याच बदल्यांच्या आधाराने एक फसवणूकही चालते, आणि नागपुरात ती सहज खपते. ‘मी सैन्यात आहे, तातडीची बदली झाली आहे, फ्रिज आणि गाडी स्वस्तात देतो’ असे सांगून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवले जाते, आणि वस्तू न दाखवता वाहतुकीच्या नावाखाली आगाऊ पैसे मागितले जातात. खरा जवान आपल्याला घरी बोलावून सामान दाखवेल. जो दाखवू शकत नाही त्याला एक रुपयाही पाठवू नये. उलट आपण काही विकत असू, तर पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करण्याची किंवा यूपीआयचा पिन टाकण्याची गरज कधीच नसते, हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगून ठेवावे. फसगत झालीच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी.

आता पारखण्याविषयी सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते भाव तोंडाने होण्याआधी डोळ्यांनी आणि हातांनी होतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी ऐन एप्रिलमध्ये एक पत्र्याचा कूलर घेतला. रंग नवाकोरा होता, आणि त्या रंगावरच मी भाळलो. तिसऱ्या रात्री पलंगाखाली पाणी आले. टाकीचा तळ खरवडून पाहिला, तेव्हा रंगाखाली एमसीलची तीन ठिगळे आणि त्यांच्या भोवती पापुद्रे सुटलेला गंज निघाला. तेव्हापासून जुन्या पत्र्यावर ताजा रंग दिसला, की मी आधी टाकी रिकामी करून उलटी करायला लावतो, तळावर नाण्याने ठोकतो आणि कोपऱ्यांवरून नख फिरवतो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. गंजाने खाल्लेला बद्द आवाज देतो.

त्यानंतर टाकीत पाणी भरून कूलर किमान दहा मिनिटे चालवून पाहावा. कोणी कोरडा कूलर पंख्यासारखा फिरवून दाखवला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. पंपाचे पाणी वरच्या पन्हळीतून तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर, म्हणजे गवताच्या पडद्यांवर, सारखे उतरते का, हे पाहावे. बोअरच्या जड पाण्यामुळे छिद्रांत क्षार साचलेले असतात आणि एक ताटी कोरडीच राहते. ताटीचे लाकडी गवत दर वर्षी बदलायचेच असते, म्हणून ते काळे पडलेले असणे हा दोष नव्हे, मात्र तो खर्च भावातून वजा करण्यास हरकत नाही. वीज बंद करून पाते हाताने फिरवावे. ते खरखर न करता फिरून हळूहळू थांबले तर बेअरिंग ठीक आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वायर आणि प्लग. प्लग तीन पिनांचा असावा, अर्थिंगची तार कूलरच्या पत्र्याला खरोखर जोडलेली असावी, आणि कूलर चालू असताना टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावून पाहावा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. टेस्टर पेटला, तर वस्तू फुकट मिळत असली तरी वायरिंग बदलून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

असे पाहून झाल्यावर भावाला बसावे. गेल्या जूनमध्ये काटोल रोडवरच्या एका घरी मी कूलर पाहायला गेलो होतो. खोक्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या काकूंनी साडेतीन हजार सांगितले. मी कूलर चालवून पाहिला, पंपाचा घरघराट त्यांनाही ऐकू दिला आणि म्हणालो, “काकू, कूलर चांगला ठेवला आहे तुम्ही, पण पंप जाणार आहे आणि तिन्ही ताट्या नव्या लागतील. मी बावीसशे देतो, आत्ता नगद.” त्या म्हणाल्या, “बावीसशे? अहो, कबाडीवालाच बाराशे देऊन राहिला. दोन उन्हाळेच तर वापरला न!” मी काहीच बोललो नाही, स्टँडची चाके फिरवून पाहत राहिलो. थोड्या वेळाने काकांनी आतून आवाज दिला, “अगं, परवा ट्रक आहे, देऊन टाक न.” शेवटी स्टँड, बाहेरचे ताडपत्रीचे आच्छादन आणि पाणी भरायचा पाइप धरून सव्वीसशेवर व्यवहार झाला.

या संवादात काकूंनी नकळत एक मोलाची माहिती दिली होती, ती म्हणजे मोडीचा भाव. लोखंड, पितळ, तांबे किंवा जुनी बॅटरी यांना भंगारात वजनावर किती मिळतील, हा विकणाऱ्याचा तळ असतो, आणि त्याखाली तो कधीच येत नाही. तो अंक आधीच ठाऊक करून घ्यावा. आपला पहिला आकडा त्या तळाच्या बराच वर आणि मागितलेल्या किमतीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असावा. दुकानदाराकडे अर्ध्यापासून सुरुवात केली तरी चालते, कारण त्याने माल मोडीच्या भावाने उचललेला असतो आणि घासाघीस हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग असतो. घरी विकणाऱ्या माणसाला मात्र अर्धा भाव ऐकून अपमान वाटतो आणि बोलणेच संपते. त्याच कारणाने वस्तूला नावे ठेवू नयेत. दोष सांगावा, पण तो दुरुस्तीच्या खर्चाच्या रूपाने सांगावा.

विकणारा ‘तुम्हीच सांगा किती द्याल’ म्हणाला, तर ‘तुम्ही मनात काय धरले आहे ते तर सांगा’ असे म्हणून चेंडू परत त्याच्याकडे द्यावा. एकेका वस्तूवर ताणून धरण्यापेक्षा तीन-चार वस्तू बाजूला काढून सगळ्यांचा मिळून एक भाव मागणे केव्हाही लाभाचे, कारण जाणाऱ्याला पैशांइतकीच घर रिकामे होण्याची घाई असते. आज जमले नाही तर आपला फोन नंबर ठेवून यावा. ट्रकच्या आदल्या संध्याकाळी तो फोन बऱ्याचदा येतो. त्या वेळी आधी कबूल केलेला आकडा आणखी खाली ओढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हुशारीचे मला कधी कौतुक वाटलेले नाही.

लाकडी सामानात सागवानाच्या नावावर बरेच काही विकले जाते. आलापल्लीचा आणि बल्लारशाहच्या डेपोचा साग आपल्या भागातल्या जुन्या घरांत खरोखर आहे, पण दिवाण किंवा आलमारी पाहताना पॉलिश केलेला दर्शनी भाग सोडून ड्रॉवरचा तळ आणि मागची फळी पाहावी, कारण अनेकदा पुढे साग आणि मागे प्लायवुड असते. पायांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, खाली पिठासारखा भुसा पडला असेल तर भुंगा आहे. सांध्यांत काळे ठिपके असतील, तर ढेकूण घरी आणू नयेत. गादी जुनी घेऊच नये.

फ्रिज पाहायला जाण्याआधी तो सकाळपासून चालू ठेवायला सांगावे, म्हणजे बर्फ जमतो की नाही हे कळते. दारात कागद अडकवून दार लावावे आणि कागद ओढावा; तो सहज निघाला तर रबर गेले आहे. स्टारच्या लेबलवरचे वर्ष अवश्य वाचावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत गेले असून जुन्या लेबलवरचे पाच स्टार आजच्या पाच स्टारांएवढे नसतात. वाहतुकीत फ्रिज आडवा करावा लागला, तर घरी आल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल जागेवर उतरते.

मोबाईल घेताना *#०६# दाबून आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक पाहावा आणि इंग्रजीत ‘KYM’ लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळते. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, म्हणून मूळ बिल मागावे आणि ते नसेल तर विकणाऱ्याच्या सहीची साधी पावती तरी घ्यावी. दुचाकीसाठी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय आणि कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गॅसची शेगडी घ्यावी, पण रबरी नळी नवीच लावावी, आणि सिलिंडर कोणाकडून विकत घेऊ नये.

भाव ठरवतानाच वाहतुकीचा हिशेब डोक्यात असावा. तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी आलमारी उतरवण्याची हमाली आणि ‘छोटा हत्ती’चे भाडे धरल्यावर स्वस्तातली वस्तू पुष्कळदा दुकानातल्या भावाला येऊन टेकते. टेप सोबत न्यावा आणि आपल्या घराचा जिना व दार आधी मोजून ठेवावे. कूलरच्या बाबतीत खिडकीचे माप हवे. ते नसल्यामुळे माझा सव्वीसशेचा कूलर पहिले आठ दिवस गॅलरीत उभा होता. जूनमध्ये घेतलेला कूलर ठेवून देताना टाकी पूर्ण कोरडी करावी, जुनी ताटी फेकून द्यावी, पंप काढून साध्या पाण्याने धुऊन पिशवीत बांधावा आणि तळाला लाल ऑक्साइडचा एक हात देऊन मगच जुनी चादर गुंडाळावी. नवी ताटी मात्र होळीच्या आधी भरून घ्यावी, कारण त्यानंतर ताटी भरणाऱ्याला आपला फोन उचलायलाही वेळ नसतो.