मनगट मुरगळलंय? चोळू नका

जुलै उजाडला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि आमच्याकडे मनगट धरून येणाऱ्यांची गर्दी वाढते. पावसात दुचाकी घसरलेले आणि सिंहगड उतरताना हातावर आपटलेले त्यात असतातच. 17 वर्षं मी फिजिओथेरपी करते आहे. दुखापती बदलतात, चुका त्याच राहतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तळहातावर पडल्यावर मनगट चोळून घेणं, आणि एक एक्स-रे चांगला आला की विषय संपला असं समजणं.

दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता, वय 21. जूनमध्ये सिंहगडाच्या पायवाटेवर घसरला आणि हात टेकून पडला. संध्याकाळी ओळखीच्या कुणीतरी ‘नस चढली आहे’ म्हणत गरम तेलाने मनगट रगडलं. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. आठ दिवस क्रेप बँडेज, मग सूज उतरली म्हणून ते सोडून थेट पथकात. विसर्जन मिरवणुकीत तासन्‌तास वाजवलं. माझ्याकडे आला तो नवरात्रानंतर, आणि तक्रार एवढीच, “मॅडम, पुशअप मारताना जरा दुखतं.”

लिफ्ट मागताना धरतो तसा अंगठा ताणून धरा. अंगठ्याच्या बुडाशी दोन स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) दोरीसारखे वर येतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. त्या खळग्यात मी बोटाने दाबलं आणि त्याने हात झटकन मागे ओढला. मला पुढचं तपासायची गरज उरली नव्हती. हँड सर्जनकडे पाठवलं, सीटी स्कॅन झाला. मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या हाडाचे दोन तुकडे, चार महिने तसेच, न जुळलेले.

हे हाड काजूएवढं, पण त्याचा रक्तपुरवठा विचित्र आहे. रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत शिरतं आणि मागे कोपराकडच्या टोकाला जातं. मध्ये चीर पडली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, म्हणून ते जुळायला फार वेळ घेतं. तुकडे जागचे हलले नसतील तर पहिल्या काही दिवसांत चीर एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतही नाही. त्या मुलाला कमरेच्या हाडाचा तुकडा काढून बसवावा लागला, स्क्रू घालावा लागला. जूनमध्येच प्लॅस्टर घातलं असतं तर हे बहुधा टळलं असतं. पुढच्या वर्षी तो पथकात नव्हता.

माझा नियम ठरलेला आहे. तळहातावर पडलात आणि त्या खळग्यात दुखतंय, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, ते हाड मोडलंय असं धरून चालायचं. मनगट आणि अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट, 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे. परवडत असेल तर आधीच एमआरआय. तोवर तेल नाही, शेक नाही, ढोल तर नाहीच.

आता पथकातल्या नवख्यांबद्दल. पहिल्याच आठवड्यात यांना दोन-दोन तास वाजवायचं असतं. टिपरू मुठीत करकचून धरतात आणि सगळा जोर मनगटातून काढतात. मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, चहाचा कप उचलला तरी कळ येते. हा टेनिस एल्बो. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडापासून सुरू होतात, म्हणून दुखणं तिथे. ‘दुखतंय म्हणजे हात तयार होतोय’ हे जुन्या वादकांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंधांना महिने लागतात. मी नव्या मुलामुलींना पहिले पंधरा दिवस 20 मिनिटांवर वाजवू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं कमी करायचं. स्प्रे मारून किंवा गोळी घेऊन वाजवायला उभं राहणाऱ्यांना मी पुढची तारीखच देत नाही.

कॅच घेताना बॉल बोटाच्या टोकावर बसला आणि टोक खाली वाकलं, सरळ करता येईना, तर ‘मुका मार’ म्हणून सोडू नका. सहा ते आठ आठवडे ते टोक स्प्लिंटमध्ये सरळ राहायला हवं, अंघोळीलासुद्धा. स्प्लिंट बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं. मध्ये एकदा जरी वाकलं तरी मी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजते. पेशंट चिडतात. चिडू देत.

रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, आणि करंगळी मात्र ठीक आहे? मग मानेचे व्यायाम करत बसू नका, मनगटातली नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. झोपताना मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधा, शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट व्हायला लागला असेल तर स्प्लिंटवर थांबू नका, डॉक्टर गाठा.

बाळंतिणीचं अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखणं म्हणजे ‘वात’ नव्हे. बाळाला काखेत हात घालून, अंगठे फाकवून उचलण्याने तिथले स्नायूबंध सुजतात. हात बाळाच्या खालून घाला, वजन कोपरापासूनच्या हातावर घ्या.

मांज्याने किंवा काचेने बोट कापलं तर टाके घालण्याआधी प्रत्येक सांधा वेगळा वाकतो का ते डॉक्टरांना बघायला सांगा.

हाताला मार लागला की अंगठी आणि बांगड्या आधी काढा, सूज येण्याआधी. हिरवा चुडा असला तरी.

आणि प्लॅस्टर किंवा पट्टी बांधल्यावर दुखणं वाढत चाललं, बोटं बधिर झाली, दुसऱ्याने हलकेच सरळ केली तरी असह्य कळ आली, तर गोळी घेऊन झोपू नका. आत दाब वाढून काही तासांत स्नायू कायमचे मरतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी जवळच्या इमर्जन्सीत जा आणि प्लॅस्टर कापायला लावा.