इन्व्हर्टर एसी बसवून घेताय? आधी व्हॅक्यूम पंपाचं विचारा

स्टँड, स्क्रू, शिडी यांची आठवण कुणी करून द्यायला नको. मेकॅनिकची वेळ ठरवतानाच विचारायचं ते एकच: व्हॅक्यूम पंप, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा खेचून काढणारा पंप, आणणार ना? ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

खरेदी करताना खोलीला लागतो त्याहून मोठा एसी घेऊ नका. 1 टन म्हणजे ताशी सुमारे 3.5 किलोवॅट-तास उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. वीज त्याहून बरीच कमी लागते. इन्व्हर्टर आलेल्या विजेचं डीसी करतो आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सीने कॉम्प्रेसर फिरवतो. खोली गार होत आली की वेग उतरतो, बचत होते ती तिथेच. पण वेगाला खालची मर्यादा असते. अवाढव्य एसी त्याही वेगात खोली जास्त गार करतो, मग बंद-चालू, बंद-चालू. जास्तीचे पैसे कशाला मोजले?

आउटडोअर मोकळ्या हवेत ठेवा. शोभेसाठी जाळीच्या पेटीत कोंडलात तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. किती अंतर सोडायचं ते मॅन्युअलमध्ये असतं.

तांब्याच्या दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. बारीक नळी गरम असते ही जुनी समजूत. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये एक्स्पान्शन, म्हणजे गॅसचा दाब उतरून तो थंड होणं, आउटडोअरमध्येच होतं, त्यामुळे तीही थंड असते आणि घामेजते. फ्लेअर करण्याआधी, म्हणजे जोडासाठी नळीचं तोंड फुलवण्याआधी, कापलेल्या कडेची बूर (धारदार कंगोरे) काढा, नळीचं तोंड खाली धरून, नाहीतर कीस आत जातो. नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचे. अंदाजाने आवळलेला फ्लेअर चिरतो.

आता पुन्हा तेच: व्हॅक्यूम. नळीत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये (आउटडोअरमधल्या, गॅसचा द्रव करणाऱ्या जाळीत) द्रव होत नाही, दाब वाढवते, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. ओलावा तेलात मिसळून आम्ल बनवतो. गॅस सोडून ओलावा निघत नाही. शिवाय कारखान्यात ग्रॅममध्ये मोजून भरलेला गॅस कमी होतो, आणि तो आर-32 जातीचा असेल तर पेट घेऊ शकतो. साध्या गेजवर काटा तळाला गेला म्हणून समाधान मानू नका, मायक्रॉन गेज लावा; तो उरलेला अगदी बारीक दाबही मायक्रॉनमध्ये दाखवतो. 500 मायक्रॉनखाली आणा, पंपाकडची वाट व्हॉल्व्हने बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा चढतच राहिला तर गळती. थोडा चढून थांबला तर ओलावा, पंप पुन्हा चालवा. आउटडोअरचे व्हॉल्व्ह त्यानंतरच उघडायचे. आधी नाही. मेकॅनिक घाईत असला तरी नाही.

बाकी भराभर. ड्रेनला मीटरमागे सेंटीमीटरभर उतार, बाटलीभर पाणी ओतून खात्री. गळती दिसावी म्हणून जोडांना साबणाचा फेस. व्हॉल्व्हची टोपणं घट्ट. अर्थिंग. भिंतीतलं भोक पुट्टीने बंद. पंप परत जाण्याआधी मायक्रॉनच्या आकड्याचा फोटो.