शेंगदाणा तेलाचे ४५७३२ नग

सी या प्रोग्रामिंग भाषेतला जुना बिलिंग प्रोग्राम. नग १२ भरले तरी बिलावर ४५७३२, तेही काही मालालाच. किंमत छापून दाखवणारे प्रिंटएफ जागोजागी पेरून पाहिले; नग भरताना १२, छापताना ४५७३२, मधे शेकडो ओळी. कंटाळा आला.

मग जीडीबी उघडला, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारा डीबगर. नग भरल्यानंतरच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबा), तिथे थांबल्यावर त्या नगावर ‘वॉच’, म्हणजे किंमत बदलताच थांबवणारा पहारा, लोकेशनच्या पर्यायासह, म्हणजे फंक्शन संपलं तरी पहारा त्याच पत्त्यावर राहतो. ‘कंटिन्यू’ म्हटलं आणि प्रोग्राम थेट स्ट्रकॉपीच्या, म्हणजे लांबी न बघता मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या, पोटात थांबला: जुनी किंमत १२, नवी ४५७३२. त्याला कोणी बोलावलं ते बॅकट्रेसने, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीने, दाखवलं: नाव भरणारं फंक्शन.

मेमरीत मालाच्या नावाला जागा ३२ बाइट, ती संपताच लगेच नग. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. ‘शेंगदाणा तेल’ ३४ बाइटांचं, म्हणून ‘ल’चे शेवटचे दोन बाइट नगात सांडले. इंग्रजी अक्षर एकाच बाइटाचं, त्या नावांना काहीच होत नव्हतं, ते यामुळेच!

जागा १२८ बाइट केली, कॉपीआधी लांबी तपासली. दिलेल्या जागेपुरतंच लिहिणारं एसएनप्रिंटएफ मुद्दाम टाळलं. ते अक्षर मधोमध कापू शकतं. एक लक्षात ठेवा, एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) असे हार्डवेअर पहारे, म्हणजे प्रोसेसर स्वतः ठेवतो ते, चारच मिळतात.