तालमीचा कलासप्ताह: फ्लेक्स छापायच्या आधी करायची तयारी

कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेतलं मंडळ. ती सात दिवसांचा कलासप्ताह भरवणार असेल तर पहिलं काम तारखेचं, आणि तिथंच निम्मा आठवडा जमतो किंवा फसतो. पावसाळा सोडूनच द्या. गणपती आणि नवरात्रात पेठेतला एक पोरगा मोकळा सापडत नाही. दिवाळीनंतर जरा सवड वाटते खरी, पण ९ ते ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव असतो, त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे सगळं गाव पंचगंगा घाटावर पणत्या लावायला जातं, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. मग मंडपवाला, साउंडवाला, आचारी, कुणीच हाताला लागत नाही आणि लागला तर दर ऐकून बसायची वेळ येते. म्हणून पौष धरा. पौषात लग्नं नसतात, मंडपाचे पाइप गोडाउनात पडून असतात, भाव करायला जागा असते. संक्रांतीचा दिवस तेवढा टाळा. कारखान्यांचा हंगाम मात्र तेव्हाही चालूच असतो. कागल, करवीर, पन्हाळ्याकडची भजनी मंडळं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकणार हे गृहीत धरून त्यांना सातच्या कार्यक्रमाला पाचची वेळ सांगा.

तारीख पक्की झाली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रस्त्यावर मंडप येणार असेल तर महापालिकेचीही परवानगी लागते, आणि वीज शेजारच्या घरातून ओढायची नाही, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यायची. एकांकिका किंवा लोकनाट्य असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते नाटकवाल्यांना आत्ताच विचारा, आदल्या दिवशी नको. उघड्यावर रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद. जिल्हाधिकारी वर्षातल्या ज्या १५ दिवसांना १२ वाजेपर्यंत सूट देतात ते सणावारांत संपतात, त्यात आपला आठवडा बसत नाही. तेव्हा कार्यक्रम साडेसहाला सुरू करून पावणेदहाला आवरायचा. ‘आपल्यात आठशिवाय कोण येत नाही’ असं म्हणणारा एक तरी कार्यकर्ता बैठकीत असतोच. त्याचं ऐकलं की मुख्य गायकाला पाऊण तास उरतो.

आता पैशाची वाटणी. इथं माझं मत ठाम आहे: फ्लेक्सवरचा खर्च अर्धा करा आणि तो साउंडला आणि मानधनाला द्या. चौकाचौकांत चाळीस चेहऱ्यांचे फ्लेक्स लावून श्रोता येत नाही. चेहऱ्यांचे नातेवाईक येतात, तेही पहिल्या दिवशीच. तालमीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सात दिवसांचा कार्यक्रम लिहा, त्याचा फोटो पेठेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि दूध कट्ट्यावर, मिसळीच्या हॉटेलात, रिक्षा स्टॉपवर एकेक साधा कागद चिकटवा. बास.

मानधनाचं सगळ्यांत वाईट उदाहरण म्हणजे ‘तो काय आपलाच आहे’. पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला आगाऊ रक्कम आणि लॉजवरची खोली, आणि आपल्याच गल्लीतल्या हलगीवाल्याला नारळ आणि टोपी. हे बंद करायचं तर प्रत्येकाची रक्कम आधी ठरवून वहीत लिहा. साथीदारांची पाकिटं वेगळी करा, म्हणजे तबलजीला गायकाकडं मागत बसावं लागत नाही. पाकीट कार्यक्रमाच्या आधी द्यायचं. आणि जेवायला सगळ्यांना एकाच पंगतीत बसवायचं. ख्याल गाणारा आत टेबलावर आणि हलगी वाजवणारा मागच्या दाराला पत्रावळ घेऊन, असं चित्र राजर्षी शाहूंचं नाव घेणाऱ्या गावात दिसू नये.

यानंतर फोन करायचे, आणि प्रत्येक कलाकाराला एकच विचारायचं: तुम्हाला काय लागतं? उत्तर शब्दाला शब्द लिहून घ्या. गायिकेची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी चार असेल आणि तबला काळी एकचा आला, तर माणूस कितीही तयारीचा असो, ठोकून ठोकून तो चढणार नाही. पट्टी विचारून ती तबलजी आणि संवादिनीवाला दोघांना कळवा. तानपुरे मिरजेहून मागवणार असाल तर टेम्पोत मागं टाकून आणू नका, भोपळा आहे तो. गाडीत मागच्या सीटवर दोन माणसांच्या मध्ये आडवा धरून आणा, आल्यावर उन्हात ठेवू नका, तारांचा एक जादा संच आणि जवारीसाठी, म्हणजे तारांचा आवाज खुलवायला, थोडं सूत जवळ ठेवा. जुळवायला एक तास आणि एक शांत खोली द्या. त्या खोलीत सत्काराच्या शाली, बिस्लेरीचे बॉक्स आणि पाहुण्यांची गर्दी नको.

बैठकीच्या साउंडसाठी डॉल्बीवाला बोलावू नका. मिरवणुकीत भिंती हादरवणारा माणूस सवयीनं बेस चढवतो आणि डग्ग्याचा नुसता गडगडाट होतो. नाटकाला, बैठकांना साउंड देणारी माणसं शहरात आहेत, देवल क्लबात एखादी बैठक ऐकून आलात तर तिथंच कळेल कोण काय करतं. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून चालू आहे, आणि अल्लादियाँ खाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिल्यापासून जयपूर-अत्रौली गायकीचा कान या गावाला आहे. तुमच्या मंडपात शेवटच्या रांगेत पांढरा सदरा घालून बसलेले आजोबा समेवर मान हलवतील आणि साउंड बिघडला तर उठून जातील. त्यांना धरून ठेवणं हीच खरी परीक्षा.

गायकाच्या जेवणाचंही बोलून घ्या. आपल्याकडं पाहुणा आला की तांबडा-पांढरा झालाच पाहिजे, आणि तो आग्रहानं वाढलाच पाहिजे. गाण्याआधी तो वाढू नका. आधी वरण-भात, कोमट पाणी, फार तर साखर कमी घालून चहा. रस्सा गाणं झाल्यावर, हवा तेवढा.

भजनाचा दिवस सोपा समजला जातो, म्हणून तिथंच काहीतरी राहतं. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लागते. मंडळ आपलं आपलं आणतं, पण ऐनवेळी पिशवी घरी राहिली की दहा माणसं एकमेकांकडं बघत बसतात. शेजारच्या घरी अर्धी वाटी कणीक सांगून ठेवा, सैलसर भिजवलेली, मीठ न घातलेली. सोंगी भजन ठेवणार असाल तर सोंगं बदलायला पडदा लावलेली आडोशाची जागा, एक आरसा आणि उजेड हवा. मोबाइलच्या टॉर्चवर रंग लावला की रावणाच्या मिशा तिरक्या होतात, आणि मुलं नेमकं तेच बघतात.

शाहिरी पोवाड्याला दोन उभे माइक लागतात. एक शाहिराला, एक मागून साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांना. ‘जी जी रं जी’ मागून उचललं गेलं नाही तर पोवाडा भाषणासारखा वाटतो. शाहीर एका जागी उभा राहत नाही, तेव्हा स्टेजवर मधोमध टेबल, समई आणि फुलदाण्या मांडून त्याचे पाय बांधू नका. उद्घाटनाचं सामान उद्घाटन झालं की उचलायचं, आणि ते कोण उचलणार त्याचं नाव वहीत लिहायचं.

हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं म्हणजे आपला जीव. त्याची तयारी मात्र कुणी विचारत नाही. पौषातल्या रात्री दव उतरायला लागलं की हलगीचं कातड्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो. मग वादक मंडपामागं उकिडवा बसतो, रद्दीचे दोन कागद पेटवतो, हलगी त्या धगीवर धरून हळूहळू फिरवतो, बोटानं टिचकी मारून कान लावतो, पुन्हा धरतो. कडक टण् असा आवाज आला की उठतो. यासाठी लागतं काय? जुनी वर्तमानपत्रं, काडेपेटी, पत्र्याचा एक डबा आणि कापडापासून लांब मोकळी जागा. शेजारी पाण्याची आणि वाळूची बादली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच नावाचं नाट्यगृह आपल्या डोळ्यांदेखत जळालं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू, आणि खासबाग मैदानाकडची बाजूही आगीत सापडली. त्यानंतरही मंडपात उघड्या वायरी आणि झिरमिळ्या एकत्र बांधलेल्या दिसतात. वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, अग्निशामक नळकांडी भरल्याची तारीख वाचा, आणि ती चालवायची कशी हे निदान चार पोरांना हातात देऊन शिकवा. मंडपाला दुसरी वाट ठेवा आणि तिथं गाड्या लावू देऊ नका. ही वाट रोज संध्याकाळी साडेपाचला जाऊन बघायची.

धनगरी ढोल ठेवायचे असतील तर मंडपात नको, मैदानावरच. पट्टणकोडोलीच्या यात्रेत ते जसे आभाळाखाली वाजतात तसे. पत्र्याच्या छपराखाली पंधरा ढोल घुमले की पुढचा अर्धा तास कुणाला काही ऐकू येत नाही. धनगरांच्या गजी नृत्याचा फेर मोठा असतो, भंडारा उधळला जातो, तेव्हा त्या दिवशी जाजम अंथरूच नका, धुवून निघत नाही.

मर्दानी खेळाच्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारा, फक्कीनं गोल आखा, आणि त्याच्या बाहेर दोरी बांधा. दोरीच्या आत स्वयंसेवकसुद्धा नको. दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला म्हणून त्याची धार काही कमी झाली नाही, आणि मोबाइल धरून पुढं सरकणारा काका कुणाचंच ऐकत नाही. पोलिसांच्या अर्जात शस्त्रांचं प्रात्यक्षिक असल्याचं स्पष्ट लिहा. प्रथमोपचाराची पेटी वस्तादांच्या हाताशी ठेवा.

चित्रांचा दिवस रविवारी सकाळी ठेवा. चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठावर चित्रं काढत बसायचे त्या गावात निसर्गचित्रण मंडपात कशाला? पोरांना रंकाळ्यावर न्या, साडेसातला, ऊन वर यायच्या आत. पाण्याच्या बाटल्या, पॅड, क्लिपा, आणि हात पुसायला जुनी फडकी. नाहीतर रंगाचे हात संध्यामठाच्या बाजूच्या कठड्याला. बरोबर एखादा चित्रकार असू द्या जो पोरांच्या कागदाला हात न लावता स्वतःचं चित्र काढत बसेल, बघून जास्त शिकतात. परत येताना राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय दाखवता येतं. उघडायची वेळ आधी फोन करून विचारा. दुपारी व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक असेल तर मॉडेल म्हणून पेठेतलाच भारदस्त चेहरा निवडा, फेटा आणि मिशा असतील तर उत्तमच. त्यांना दोन तास हलायचं नाही हे आधी सांगा. पाठ टेकणारी खुर्ची द्या, एकाच बाजूनं उजेड सोडा, आणि मध्ये चहाची सुट्टी धरा. प्रदर्शन तालमीत लावणार असाल तर भिंतीला खिळे ठोकू नका, मंडपवाल्याकडून पाइप घेऊन साखळीनं टांगा. चित्राचा मध्य नजरेच्या उंचीला. आपल्याकडं मान मोडेल इतकं उंच लावायची खोड आहे.

बायकांचा कार्यक्रम दुपारी चारला, झिम्मा-फुगडी आणि जात्यावरच्या ओव्या. जातं खरं हवं आणि त्यात घालायला धान्य हवं. रिकामं जातं फिरवताना म्हाताऱ्या बायका गात नाहीत, त्यांना ते खोटं वाटतं. माइक तोंडापुढं न धरता समोर खाली ठेवा, आवाज हळू असतात. आणि सगळ्या यादीत ज्यावर एकही पुरुष कार्यकर्ता बोट ठेवत नाही ते: महिलांसाठी स्वच्छ शौचालय, आत दिवा, कडी आणि पाणी. जवळच्या दोन घरांत बोलून ठेवा किंवा फिरतं शौचालय मागवा. हे जमत नसेल तर त्या कार्यक्रमाला गर्दी का झाली नाही म्हणून विचारू नका.

चपलांचं काय करायचं तेही ठरवा. बैठकीला खाली जाजमावर बसायचं असलं की दारात दोनशे जोड पडतात आणि त्यातले निम्मे कोल्हापुरी, एकसारखे. टोकन द्या. नाहीतर भैरवीनंतरची अर्धी रात्र ‘ह्या माझ्या न्हाईत’ ऐकण्यात जाते.

सत्कार. रोज जास्तीत जास्त दोन, दोन मिनिटांचे, आणि मध्यंतरात नाहीत. प्रास्ताविक, स्वागत, मनोगत, आभार असं सगळं धरलं तर तासभर जातो. निवेदकाला लिहून द्या, पाहुण्याला नम्रपणे सांगा, आणि तरीही कुणी माइक सोडत नसेल तर तानपुरा छेडायला सांगा. याचा परिणाम होतो.

शेवटचा दिवस आधीच आखून ठेवा, कारण त्या दिवशी सगळे दमलेले आणि खुशीत असतात. मंडपाचं भाडं दिवसावर चढतं, म्हणून रात्रीच पाइप उतरवायला आठ जणांची नावं घ्या. मोजून आणलेली जाजमं मोजून परत द्या. तानपुरे त्याच रात्री जाणार की सकाळी, ते मिरजेला कळवा. सोमवारी जमा-खर्च फळ्यावर लिहा, मानधनासकट, आणि उतरवायला थांबलेल्या पोरांना मिसळ कुणाच्या खिशातून ते आत्ताच ठरवा.